घरातल्या रुमालापासून वाचनालयाच्या टेबलापर्यंत : भारत इतिहास संशोधक मंडळ आणि कागदांचा दुसरा जन्म

१/
छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र बहुतेक पुस्तकांत १६२७ हे साल छापलेले असे. हे साल बदलणारा पुरावा भोर भागातल्या एका देशमुखी घराण्याच्या दफ्तरात आधीपासूनच पडून होता. तो कागद दफ्तरातून छापखान्यापर्यंत कसा आला, आणि असे लाखो कागद सांभाळणारे पुण्याचे एक वाचनालय नेमके कोणते काम करते, याविषयी हा धागा.

२/
प्रथम ‘दफ्तर’ म्हणजे काय ते पाहू. मराठेशाहीत गावोगावच्या देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्या घरी, सरदारांच्या वाड्यांत, सावकारांच्या पेढ्यांवर, मठांत आणि देवस्थानांत कागद साठत असत. एका विषयाचे किंवा एका सालाचे कागद एकत्र करून चौकोनी कापडात बांधले जात. या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणतात. अशा रुमालांचा समूह म्हणजे दफ्तर. त्यात सनदा, इनामपत्रे, कौलनामे, निवाडपत्रे, जमाखर्च, वंशावळी आणि घरगुती पत्रे असे सर्व काही एकमेकांशेजारी सापडते.

३/
हे कागद लोकांनी इतिहासासाठी जपलेले नव्हते. ते हक्काचे पुरावे होते. वतनाबद्दल तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, साक्षी होत, आणि निर्णयाचा ‘महजर’ लिहिला जाई. त्याखाली उपस्थितांच्या सह्या असत. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या व्यवसायाची खूण, म्हणजे ‘निशाणी’, उमटवीत. शेतकऱ्याच्या नावाशी नांगर, व्यापाऱ्याच्या नावाशी तराजू. ज्यांच्याविषयी बखरींत एक ओळही सापडत नाही, अशी माणसे महजरांच्या तळाशी नावानिशी उभी असतात.

४/
१८१८ साली पेशवाई संपली, पण कागदांचे महत्त्व संपले नाही. उलट ते वाढले. कंपनी सरकारने इनाम जमिनींची चौकशी हाती घेतली, आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले. ‘तुमच्या इनामाचा पुरावा दाखवा’ असे सरकार विचारू लागले. ज्याचा कागद मान्य झाला त्याची जमीन टिकली. ज्याच्याकडे कागद नव्हता, किंवा होता पण मान्य झाला नाही, त्याचे इनाम धोक्यात आले.

५/
या अनुभवाचा परिणाम पुढे दोन पिढ्या टिकला. घरातले दफ्तर परक्या माणसाला दाखवायचे नाही, ही वतनदार घराण्यांची जणू रीतच झाली. कोणी कागद मागायला आला की तो सरकारचा हस्तक असावा, किंवा भाऊबंदांनी पाठवलेला असावा, अशी शंका येई. त्याच काळात हे रुमाल माळ्यावर, पेवात आणि फडताळांत वाळवी, उंदीर व पावसाळी ओल यांच्या तोंडी पडत होते. जपणूक होती, पण ती कुलूपबंद होती. कुलपाआड कागद कुजत होता.

६/
दुसरीकडे मराठ्यांचा इतिहास लिहिला जात होता. जेम्स ग्रँट डफचा तीन खंडांचा ग्रंथ १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. पुढे नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी तरुण वयातच त्याच्यावर टीका केली. १८७८ पासून ‘काव्येतिहास संग्रह’ हे मासिक बखरी आणि जुनी पत्रे छापू लागले. परंतु ग्रँट डफला खोडून काढायचे तर पुरावा हवा, आणि तो पुरावा घराघरांत बांधून ठेवलेला होता.

७/
येथे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे काम सुरू होते. वाईला त्यांच्या हाती पानिपतच्या काळातील पत्रांचा मोठा साठा आला. १७५० ते १७६१ या वर्षांतील ही पत्रे त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड म्हणून छापली. या मालेचे पुढे एकूण २२ खंड झाले. प्रत्यक्ष लढाईच्या काळात, घटना घडत असताना लिहिलेली पत्रे वाचकांसमोर आली, आणि नंतर स्मरणातून लिहिलेल्या बखरी किती ठिकाणी चुकतात हे उघड दिसू लागले.

८/
राजवाड्यांचा आग्रह अस्सल कागदासाठी होता. कागद कोणी लिहिला, कोणाला लिहिला, केव्हा लिहिला आणि तो कोणाच्या घरी मिळाला, या चार प्रश्नांची उत्तरे जुळली की मगच तो साधन ठरतो. त्यासाठी ते वर्षानुवर्षे गावोगाव हिंडले. पण ही मोहीम एका माणसाच्या पायांवर आणि पदरमोडीवर किती काळ चालणार? कागद मिळवणे हा कामाचा पहिला भाग होता. मिळालेला कागद ठेवायचा कोठे, आणि आपल्यामागे तो वाचणार कोण, हे प्रश्न उरतच होते.

९/
या प्रश्नांना उत्तर म्हणून ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे तिचे संस्थापक. त्याच पुण्यात पेशव्यांचे प्रचंड सरकारी दफ्तर होते, पण ते भारतीय संशोधकांना सहजी खुले होत नव्हते. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ भागांत छापून आले ते १९३० ते १९३४ या काळात. तोवर, आणि त्यानंतरही, मंडळाचा आधार होता तो लोकांच्या घरांतील कागद.

१०/
मंडळाने कपाटे भरण्याआधी एक सवय लावली. दर पंधरवड्याला ‘पाक्षिक सभा’ भरे. कोणी नवा कागद आणी, कोणी ताम्रपटाचा ठसा, कोणी नाणे. त्यावर लहानसे टाचण वाचले जाई, उपस्थित मंडळी शंका काढीत, आणि जे टिकेल ते इतिवृत्तात, संमेलनवृत्तात किंवा पुढे त्रैमासिकात छापले जाई. एका कागदावर अनेकांची नजर पडे. ज्याने कागद दिला त्या घराण्याचा उल्लेख होई. आपला कागद हरवत नाही, छापून येतो, हे पाहून इतर घरांची कुलपेही हळूहळू उघडू लागली.

११/
आता जन्मतारखेच्या गोष्टीकडे वळू. भोरजवळच्या कारी गावचे जेधे हे रोहिड खोऱ्याचे देशमुख. कान्होजी जेधे शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या साथीदारांपैकी एक. या घराण्याच्या दफ्तरात दोन महत्त्वाची टिपणे होती : एक ‘करीना’, म्हणजे घराण्याची हकिकत, आणि एक ‘शकावली’, म्हणजे सालवार घटनांची यादी. ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली, आणि १९१६ साली मंडळाच्या चौथ्या संमेलनाच्या वृत्तात त्यांनी ती प्रसिद्ध केली.

१२/
शकावलीत अलंकार नसतात. शक, संवत्सर, महिना, तिथी आणि एका-दोन वाक्यांत घटना. जेधे शकावली शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या, म्हणजे १६१८ ते १६९७ या काळातील नोंदी देते. तीत शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, त्या हिशेबाने १६२९. पण फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, आणि तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते. म्हणून येथे ७९ मिळवायचे : फेब्रुवारी १६३०.

१३/
एक कागद छापला म्हणून मत लगेच बदलत नाही. शके १५४९ ही जुनी समजूत बखरींच्या आधारे रुजलेली होती. एकाच घराण्याच्या एका टिपणावर विसंबून ती सोडायची का, हा आक्षेपही अगदी गैर नव्हता. शकावली प्रसिद्ध होऊन ११ वर्षे झाल्यावरही, १९२७ साली, जुन्या सालानुसार शिवजन्माची त्रिशताब्दी साजरी झाली. इतिहासात पुरावा सापडणे आणि पुरावा पटणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामध्ये वर्षे जातात.

१४/
पटण्यासाठी दुसरा साक्षीदार हवा होता. तो राजस्थानात मिळाला. जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात राजेरजवाड्यांच्या कुंडल्या होत्या, त्यांत शिवाजी महाराजांचीही होती, आणि ती शके १५५१ शी जुळत होती. तिसरा साक्षीदार तंजावरहून आला. महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तेथील हस्तलिखितांत होते. स. म. दिवेकर यांनी संपादित केलेले ‘शिवभारत’ मंडळाने १९२७ साली प्रसिद्ध केले. तेही शके १५५१ च सांगते.

१५/
कारी, जोधपूर आणि तंजावर. या तीन ठिकाणच्या लेखकांनी एकमेकांचे पाहून लिहिले असण्याची शक्यता फारच कमी. एकाचे कारण घराण्याची आठवण, दुसऱ्याचे ज्योतिष, तिसऱ्याचे काव्य. तरी साल एकच येते. पुराव्याची ताकद अशा स्वतंत्र साक्षींच्या जुळण्यात असते. आणि म्हणूनच प्रत्येक कागदाचे मूळ ठिकाण नोंदवणे हे वाचनालयाचे सर्वांत महत्त्वाचे काम ठरते. हे तीनही कागद ‘जुना संग्रह’ म्हणून एकाच पेटीत टाकले असते, तर ते तीन साक्षीदार आहेत हे सिद्ध करणेच अवघड झाले असते.

१६/
आज सदाशिव पेठेतील मंडळाच्या संग्रहात सुमारे १५ लाख ऐतिहासिक कागद आणि सुमारे ३० हजार हस्तलिखिते असल्याचे सांगितले जाते. बहुतेक कागद मोडीत आहेत, तर काही फार्सी, पोर्तुगीज आणि इंग्रजी भाषांत. त्याखेरीज हजारो छापील ग्रंथ, चार हजारांवर नाणी, हजाराच्या आसपास चित्रे, शिल्पे आणि शिलालेख. ‘भारत’ हे नाव असले तरी संग्रहाचा प्राण स्थानिक आहे : अमुक मौजे, तमुक तर्फ, फलाणा परगणा. राज्याचा इतिहास लिहिण्याआधी गावाचा पत्ता शोधावा लागतो, तो येथे मिळतो.

१७/
अशा वाचनालयात काम कसे चालते? कपाटापाशी जाऊन पुस्तक उचलावे, असे येथे नसते. आधी विषय सांगायचा, मग याद्या पाहायच्या : कोणत्या घराण्याचे दफ्तर, कोणत्या क्रमांकाचा रुमाल, कोणता कागद. मागणी नोंदवली की रुमाल टेबलावर येतो. शाईचे पेन बाजूला, हाती पेन्सिल. कागद ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने परत ठेवायचे, कारण क्रम हीसुद्धा माहिती असते. उतारा घेताना रुमालाचा व कागदाचा क्रमांक टिपला नाही, तर त्या उताऱ्याचा पुढे कोणालाच पडताळा घेता येत नाही.

१८/
मग खरी परीक्षा : मोडी. ओळीची शिरोरेषा आधी आडवी ओढून घ्यायची आणि बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे तिच्याखाली लिहीत जायची, ही तिची पद्धत. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो. त्यात संक्षेप : ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘प॥’ म्हणजे परगणे, ‘रा॥’ म्हणजे राजश्री. प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. देवनागरी येणाऱ्याला मोडीची मुळाक्षरे काही आठवड्यांत येतात. कागद अडखळत का होईना वाचता येण्यासाठी मात्र महिनोन्महिने सराव लागतो.

१९/
अक्षर लागले तरी तारीख अडते. मराठेशाहीच्या कागदांत सुहूर सन वापरला जाई, आणि तो आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहीत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास, उन्हाळ्याच्या अखेरीस बदलते. त्यानंतर डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१. १४ जानेवारी १७६१ हा पानिपतचा दिवस याच सनातला. तिथीआधी दिसणारा ‘छ’ हा चंद्राचा, म्हणजे हिजरी महिन्याच्या तारखेचा खुणाक्षर.

२०/
शक, सुहूर, फसली, हिजरी, राज्याभिषेक शक आणि इसवी : एका प्रकरणात सहा कालगणना भेटू शकतात. म्हणून संशोधकाच्या टेबलावर मोडक जंत्री किंवा खरे जंत्री असावीच लागते. मंडळात आयुष्य घालवलेले ग. ह. खरे (१९०१–१९८५) यांनी ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तक याच गरजेतून लिहिले. फार्सी आत्मसात करून त्यांनी ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ ही मालाही संपादली. आदिलशाही किंवा मोगली फर्मान ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ते भाषांतरासह खुले करणे, हीदेखील वाचनालयाची सेवाच होय.

२१/
आणखी एक प्रश्न प्रत्येक कागदाला विचारावा लागतो : हा अस्सल आहे का? मूळ कागद ‘अस्सल’, त्याची प्रत ‘नक्कल’ किंवा ‘तालिक’. नक्कल असणे म्हणजे खोटे असणे नव्हे, कारण अस्सल जीर्ण झाला की घराणी प्रत करून ठेवीत. पण वतनाच्या लोभाने बनावट कागदही तयार होत. शिक्का, मोर्तब, कागदाचा पोत, अक्षराचे वळण, मायने आणि नमूद केलेल्या अधिकाऱ्यांचा काळ हे सर्व जुळते का ते पाहावे लागते. एकच कागद हाती असेल तर ही तपासणी फार अवघड. शेजारी त्याच काळचे हजार कागद असतील तर तुलना शक्य होते. मोठा संग्रह लागतो तो याचसाठी.

२२/
या कागदांत केवळ लढाया आणि राजे शोधणारा वाचक अर्धा खजिना मागे सोडतो. रोजकीर्दीत दररोजचा जमाखर्च असतो. त्यावरून धान्याचा भाव, मजुरी, लग्नाचा खर्च आणि दुष्काळी वर्षाची चणचण समजते. निवाडपत्रांत पाटाच्या पाण्याचे, शिवेचे आणि मानपानाचे तंटे असतात. होळीची पोळी आधी कोणी लावायची, यावर पिढ्यानपिढ्या वाद चाललेले दिसतात. आज हे क्षुल्लक वाटेल, पण त्या मानात हक्क गुंतलेला असे. गावगाडा कसा चालत होता, याचा इतका जिवंत पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

२३/
मंडळ एकटे नाही. राजवाड्यांचा अखेरचा काळ धुळ्यात गेला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तेथेच वारले, आणि १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. रामदासी संप्रदायाच्या बाडांचा शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेला संग्रहही धुळ्यातच. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या आणि मोडी कागद आहेत. गोव्याच्या दफ्तरखान्यात पांडुरंग पिसुर्लेंकरांनी पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा शेजार वाचला. एका गावाचा इतिहास लिहायचा तर कधी या चारही दिशांना जावे लागते.

२४/
आता मूळ मुद्दा. ब्रिटिश काळात घराण्यांनी कागद जपले, कारण त्यांवर जमीन आणि मान अवलंबून होता. स्वातंत्र्यानंतर हे कारणच संपले. १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली, आणि १९६० च्या दशकात मुलकी पाटीलकीही गेली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. परंतु त्याचा एक नकळत परिणाम असा की घरातल्या रुमालांचे कायदेशीर मोल शून्य झाले. जो कागद आजोबांनी जिवापाड जपला, तो नातवाला वाचताही येईना आणि त्याचा काही उपयोगही दिसेना.

२५/
कागदाच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच. पहिला उपयोग संपलेला असतो आणि दुसरा कोणाच्या लक्षात आलेला नसतो. वाडा पाडताना, वाटणी होताना, दिवाळीच्या साफसफाईत असे रुमाल रद्दीत जातात. या टप्प्यावर शेजारपाजारी एखादे वाचनालय, एखादा मोडी वाचणारा माणूस असेल तर त्या कागदाला दुसरा जन्म मिळतो. नसेल तर त्या गावाच्या दोनशे वर्षांचा एकमेव साक्षीदार एका दुपारी नाहीसा होतो, आणि काय गेले हे कोणाला कळतही नाही.

२६/
वाचनालयात पोहोचलेला कागदही पूर्णपणे सुरक्षित झाला असे नाही. त्याची प्रतिमा घेऊन संगणकावर ठेवली तर हाताळणी कमी होते आणि दूरच्या अभ्यासकाला लाभ होतो, हे खरे. पण प्रतिमा वाचून देत नाही. १५ लाख कागदांतला एकेक कागद कोणीतरी डोळ्यांखालून घालायचा असतो, त्याचा सारांश लिहायचा असतो, यादीत नाव चढवायचे असते. मंडळात मोडीचे वर्ग चालतात ते याच कारणाने. वाचणारे हात वाढले नाहीत, तर घराच्या कुलपातून सुटलेला कागद लिपीच्या कुलपात अडकून पडेल.

२७/
इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांना येथे करण्यासारखे खूप आहे. मोडी शिकावी. सुरुवात स्वतःच्या तालुक्यापासून करावी : आपल्या गावाचे नाव कोणत्या छापील साधनखंडाच्या सूचीत येते ते पाहावे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’, ‘शिवचरित्र साहित्य’, ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’ यांच्या सूची चाळणे ही उत्तम शाळा आहे. समाजमाध्यमांवर एखादे ‘ऐतिहासिक पत्र’ फिरताना दिसले, तर पहिला प्रश्न विचारावा : हे कोणत्या दफ्तरातले, कोठे छापलेले? उत्तर नसेल तर ते पुढे पाठवू नये.

२८/
आणि घरात जुने कागद निघाले तर काही पथ्ये पाळावीत. त्यांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, उन्हात वाळवू नये. चिकटलेली पाने ओढून सुटी करू नयेत. रुमाल जसा बांधलेला असेल तसा, त्याच क्रमाने राहू द्यावा. त्यातला ‘महत्त्वाचा वाटणारा’ एक कागद वेगळा काढून चौकटीत लावू नये, कारण तो उरलेल्या कागदांपासून तुटला की निम्मा मुका होतो. कोणाच्या घरी, कोणत्या खोलीत, कशासोबत मिळाला ते चिठ्ठीवर लिहून ठेवावे. छायाचित्रे घ्यावीत, आणि जवळच्या संशोधन संस्थेला कळवावे. मूळ कागद देणे न देणे हा नंतरचा विचार.

२९/
जेध्यांच्या दफ्तरातली ती काही पाने वाचली, कारण कारीच्या घराण्याने ती पिढ्यानपिढ्या सांभाळली, विश्वासाने बाहेर दिली, ती वाचू शकणारे लोक तेव्हा होते, आणि छापणारी संस्था नुकतीच उभी राहिली होती. या चारांपैकी एक गोष्ट नसती तर महाराष्ट्र कदाचित आजही १६२७ हेच साल सांगत राहिला असता. अजून किती सालांची, किती गावांची आणि किती माणसांची हकिकत न वाचलेल्या रुमालांत बांधलेली आहे, हे ते रुमाल सोडल्यावरच कळेल.

(धागा समाप्त)